लस घेण्याची सक्ती असावी की ज्याची त्याची मर्जी?

घोडेगावाच्या पश्चिमेस डोंगराकडील वाड्यावस्त्यांतून आरोग्यसेविका मुलांस लस टोचावयास जातात, तेव्हा बहुतेक आया आपले लेकरू पुढे करतात. परंतु एखादे घर दार लावून घेते. "मूल आमचे आहे, आम्ही पाहून घेऊ," असे त्या घरचे म्हणतात, आणि शेजारी म्हणतात, "अशांचे रेशन बंद करावे." ह्या दोहोंपैकी योग्य कोणते? उपदेशक बंधूंस अशा वेळी उत्तर द्यावे लागते, म्हणून ह्या पाठात आपण ह्या प्रश्नाचा क्रमाने विचार करू.

१. देवीच्या रोगाची साक्ष

आपल्या भाषेत लस टोचण्यास "देवी काढणे" असे म्हणत. त्यावरून हा विषय आपल्या लोकांत किती जुना आहे ते दिसते. हिंदुस्थानात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. पुढे १८७७ साली मुंबई शहरासाठी, व १८९२ साली इलाख्यातील जिल्ह्यांसाठी मुलांस देवी काढण्याचे कायदे झाले. तरी रोग हटण्यास त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे लागली. शेवटच्या वर्षांत कामगारांनी दारोदार फिरून रोगी हुडकले, व त्यांच्या भोवतालच्या सर्वांस लस टोचली. क्वचित जबरदस्तीही झाली. परंतु मुख्य काम पायपिटीने व समजुतीने झाले. १९७५ मध्ये ह्या देशातील देवीचा शेवटचा रोगी आढळला, आणि १९८० साली सर्व जग ह्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. लसीचे सामर्थ्य ह्यावरून सिद्ध होते. परंतु कायदा केल्याने काम आपोआप होत नाही, हेही सिद्ध होते.

२. पुण्याचा धडा

सक्ती आंधळेपणाने केली असता काय होते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व लवकरच पुण्यास पोहोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, व रँड साहेबांच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. हेतू रोग आवरण्याचा होता. परंतु लोकांच्या अब्रूची पर्वा राहिली नाही, म्हणून लोक आपले रोगी लपवू लागले. इस्पितळात स्त्रियांस मिळणाऱ्या वागणुकीविषयी पंडिता रमाबाईंनीही वर्तमानपत्रातून उघड तक्रार केली. अखेर २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँड साहेबांवर गोळी झाडविली.

त्याच वर्षी मुंबईत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी आपखुषीने पुढे आले त्यांस टोचली. आगाखान यांनीही आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून सर्वांदेखत लस घेतली. भीती कशाने जाते, हे ह्यावरून समजावे.

३. धनुर्वात व गोवर

आता "माझे शरीर, माझी मर्जी" हे म्हणणे पाहू. धनुर्वाताचे जंतू मातीतून जखमेत शिरतात. तो रोग एकापासून दुसऱ्यास होत नाही. एखाद्या प्रौढाने त्याची लस नाकारली, तर धोका त्याचा त्यासच. गोवराचे तसे नाही. एका रोग्यापासून १२ ते १८ असंरक्षित माणसांस तो होऊ शकतो. त्याची पहिली लस मुलास नऊ महिने पूर्ण झाल्यावर, व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. मग पाच महिन्यांच्या तान्ह्याचे रक्षण कोण करणार? भोवतालच्या १०० पैकी सुमारे ९५ जणांस संरक्षण असेल, तरच त्या तान्ह्यापर्यंत रोग सहसा पोहोचत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ आली, आणि ज्यांची लस राहून गेली होती अशी पुष्कळ मुले तीत सापडली. म्हणून गोवराच्या बाबतीत लस नाकारणारा बाप केवळ आपल्यापुरते ठरवीत नाही. तो आपल्या न बोलत्या लेकरासाठी ठरवितो, आणि शेजारणीच्या तान्ह्यासाठीही ठरवितो.

४. न्यायालयाने काय ठरविले

करोनाच्या साथीत १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकल गाड्यांत दोन मात्रा घेतलेल्यांसच प्रवास करण्याची मुभा होती. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्यास ही सक्तीच होय. पुढे जेकब पुलियेल यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी निकाल दिला. कोणासही बळजबरीने लस टोचता येणार नाही, कारण शरीरावरील हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो. तथापि सर्वांच्या आरोग्यासाठी सरकार काही बंधने घालू शकते. मात्र ती धोक्याच्या प्रमाणात असावीत. लस न घेतलेल्यांपासून घेतलेल्यांपेक्षा अधिक संसर्ग होतो असा पुरावा पुढे आला नव्हता, म्हणून त्यांच्यावरील त्या वेळची बंधने न्यायालयाने अयोग्य मानली.

५. आम्ही काय मानावे

आमच्या मते प्रथम समजूत, आणि बंधन सर्वांत शेवटी. रोग एकापासून दुसऱ्यास होणारा असावा, लस त्याचा प्रसार खरोखर रोखणारी असावी, व सौम्य उपाय करून झालेले असावेत. तेव्हाच बंधन न्याय्य होय. तरीही कोणाचे धान्य किंवा औषध बंद करू नये. त्याने उपाशी राहते ते मूलच.

समजूत घालणाऱ्याने सत्य सांगावे. लसीने कधी ताप येतो, दंड सुजतो. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची दूषित लस टोचली जाऊन १९ माणसे धनुर्वाताने दगावली, हेही लपवू नये. जो धोका लपवितो, त्याचा पुढचा खरा शब्दही कोणी मानीत नाही. तसेच पुष्कळ आया हट्टाने नव्हे, तर मुलास ताप आल्यास दिवसाची मजुरी बुडेल म्हणून नाही म्हणतात. अशा घरी उपदेश पुरे. त्या दिवशी मूल सांभाळावयास कोणी तरी बसावे. आणि "देव राखील, लस कशाला?" असे म्हणणाऱ्या बंधूस, लूक हा वैद्य होता ह्याची आठवण द्यावी.

विचारासाठी प्रश्न

१. धनुर्वात व गोवर ह्यांच्या लसींविषयी आपले कर्तव्य सारखेच आहे काय?
२. १८९७ साली लोकांनी रोगी का लपविले?
३. आपल्या वस्तीत कोणत्या मुलाची लस राहिली आहे, व त्याच्या घरची खरी अडचण काय आहे?