पार्किंगचं पत्र आलं तर: इंग्लंडला नव्याने आलेल्या आपल्या मंडळींसाठी

गेल्या उन्हाळ्यात आई शिंदखेड्याहून आमच्याकडे आली होती. एका शनिवारी तिला घेऊन गावाबाहेरच्या मोठ्या दुकानांच्या आवारात गेलो. तिथे एक भारतीय किराणा दुकान आहे, आणि आवारात फलक आहे: दोन तास मोफत. आई मिरचीच्या पिशव्यांपुढे जाऊन उभी राहिली. जिने आयुष्यभर दोंडाईच्याच्या बाजारात पोत्यात हात घालून मिरची निवडली, ती बंद प्लास्टिकमधली मिरची अशी कशी उचलणार? तिने एक पिशवी उजेडाला धरली, देठं पाहिली, बोटांनी दाबून वाळलेपण तपासलं, परत ठेवली. मग दुसरी. मग कळण्याचं पीठ मिळतं का याची चौकशी. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीपर्यंत येतानाही दोनदा थांबलो. आवारातून बाहेर पडेपर्यंत दोन तास चौदा मिनिटं झाली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नवव्या दिवशी पत्र आलं तेव्हा कळलं.

पत्रात आमच्या गाडीचे दोन फोटो होते, एक आत शिरतानाचा, एक बाहेर पडतानाचा, दोन्हींवर वेळ छापलेली. मागणी १०० पाउंडांची. १४ दिवसांत भरले तर ६०. आईने रुपयांत हिशेब केला आणि म्हणाली, क्विंटलभर कापसाचे पैसे गेले. रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी म्हणाली, "पैसा भरी टाक अन मोकळा व्हय. परदेसमा कोर्टकचेरी नको." त्याच दिवशी मी अमळनेरकडच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना फोन केला. ते इथे वीस वर्षांपासून आहेत. ते म्हणाले, "फाडून फेकून दे. काही होत नाही."

हे दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले होते आणि दोन्ही चुकीचे होते. म्हणून मी धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या ओळखीच्या घरांत विचारत गेलो. जवळपास प्रत्येक घरात असं एखादं पत्र येऊन गेलं होतं. त्यांचे अनुभव आणि इथला नियम जुळवून पाहून हे लिहितो आहे. हे इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, तिथल्या मंडळींनी तिथेच विचारावं.

आपल्याकडे पार्किंगला माणूस असतो. तो चिठ्ठी फाडून हातात देतो, उशीर झाला तर तिथेच पैसे मागतो, आपण त्याच्याशी बोलतो आणि विषय संपतो. इथे बहुतेक खासगी आवारांत ना माणूस ना फाटक. खांबावरचा कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि भिंतीवरचा फलक हाच तुमच्याशी झालेला करार असतो. फलक न वाचता गाडी लावली तरी, तो स्पष्ट दिसत असेल तर, त्याच्या अटी तुम्ही मान्य केल्या असं धरलं जातं. म्हणून गाडीतून उतरलात की आधी फलकाचा मोबाइलवर फोटो काढा. पुढे भांडायची वेळ आली तर हा फोटो उपयोगी पडतो.

पत्र आलं की ते कोणाचं आहे ते आधी पाहा. पोलिसांचं असेल तर बाब फौजदारी. नगरपालिकेचं, म्हणजे कौन्सिलचं असेल तर त्यावर 'पेनल्टी चार्ज नोटीस' लिहिलेलं असतं. तो कायद्याने ठरलेला दंड आहे आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. खासगी कंपनीच्या पत्रावर 'पार्किंग चार्ज नोटीस' असं असतं. दोन्हींची आद्याक्षरं तीच, पीसीएन, आणि नवा माणूस इथेच फसतो. खासगी पत्र हा दंड नाही. कंपनी म्हणते की तुम्ही करार मोडला, त्याचे पैसे द्या. ही दिवाणी बाब आहे. पत्र आलं म्हणून तुम्ही गुन्हेगार झाला नाहीत. आईला हे नीट समजावलं तेव्हा कुठे तिला झोप लागली.

आता "फाडून फेक" या सल्ल्याविषयी. तो एके काळी अगदीच खोटा नव्हता. २०१२ पर्यंत कंपनीला गाडी चालवणारा नेमका कोण होता हे माहीत असावं लागे. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून पैसे वसूल करता येत नसत. १ ऑक्टोबर २०१२ पासून 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट' लागू झाला. त्याने खासगी जागेत गाडीच्या चाकाला कुलूप घालणं बंद केलं, आणि त्याच वेळी कंपनीला गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागण्याची वाट खुली करून दिली. मग २०१५ आलं. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये बॅरी बेव्हिस नावाचे गृहस्थ दोन तासांच्या मोफत वेळेपेक्षा ५६ मिनिटं जास्त थांबले होते. पार्किंगआय कंपनीने ८५ पाउंड मागितले. हे गृहस्थ सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. त्यांचं म्हणणं साधं होतं: माझ्या थांबण्याने कंपनीचं ८५ पाउंडांचं नुकसान झालेलंच नाही. ४ नोव्हेंबर २०१५ ला सातपैकी सहा न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. जागा मोकळ्या होत राहाव्यात यात कंपनीचं आणि जागामालकाचं रास्त हित आहे, फलक मोठे आणि स्पष्ट होते, रक्कम अवाजवी नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या दिवसानंतर "नुकसान काय झालं ते दाखवा" हा मुद्दा एकटा चालत नाही. आमच्या स्नेह्यांचा सल्ला त्याआधीचा होता. इथे जुन्या माणसाचा सल्ला जरूर घ्या, पण तो कोणत्या सालचा आहे हेही विचारा.

पत्रातल्या तारखा मोजा. काचेवर चिठ्ठी लावलेली नसेल आणि फक्त कॅमेऱ्यावरून पत्र आलं असेल, तर गाडी थांबवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांत ते पोचायला हवं. टपालात टाकल्यापासून कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी ते पोचलं असं धरतात. उशिरा आलं तर कंपनीला गाडीच्या धारकाच्या मागे लागता येत नाही, फक्त चालकाच्या मागे लागता येतं. म्हणून पाकिटावर आलेल्या दिवसाची तारीख पेनाने लिहून ठेवा आणि पाकीटही जपून ठेवा. गाडी कोण चालवत होतं हे खासगी कंपनीला सांगण्याची सक्ती धारकावर नाही. पोलिसांनी विचारलं तर मात्र सांगावंच लागतं. खोटं काही लिहू नका, विचारलेलं नाही ते स्वतःहून लिहू नका. "मी गाडी लावली" असं न लिहिता "गाडीचा धारक म्हणून हे पत्र लिहितो" अशी सुरुवात करा.

मिनिटांचा हिशेबही समजून घ्या. कंपन्यांच्या दोन संघटनांची मिळून एक आचारसंहिता ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली आहे. त्यानुसार ठरलेली वेळ संपल्यावर निघायला किमान १० मिनिटांची सवलत द्यावी लागते, आणि आत शिरल्यावर फलक वाचून थांबायचं की नाही हे ठरवायला किमान ५ मिनिटं. ही सवलत धरून आधीच बेत आखू नका. कॅमेरा गाडी लावल्याची वेळ मोजत नाही. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची मोजतो. जागा शोधण्यात आणि बाहेर पडायच्या रांगेत गेलेली मिनिटंही त्यात येतात. रांग असेल तर गाडीत शेजारी बसलेल्याने फोटो काढावा.

कॅमेऱ्याची आणखी एक चूक आमच्यातल्या दोन घरांना भोवली. सकाळी मुलांना पोहायला सोडलं, घरी गेले, दुपारी त्याच आवारात सामान घ्यायला आले. कॅमेऱ्याने मधलं बाहेर जाणं आणि परत येणं टिपलंच नाही. सकाळचं शिरणं आणि दुपारचं निघणं जोडून पाच तासांचा मुक्काम दाखवला. एका घराने त्या वेळेची घराजवळच्या पेट्रोल पंपाची पावती जोडली, मागणी रद्द झाली. दुसऱ्या घराकडे काहीच नव्हतं. मोबाइलमधला प्रवासाचा नकाशा, बँकेचं विवरण, शाळेचा निरोप, काहीही चालतं. तसंच यंत्रात नंबर टाकताना शून्य आणि ओ यांत गल्लत झाली, एखादं अक्षर चुकलं, तर पैसे भरल्याची पावती दाखवा. अशा किरकोळ चुकीची मागणी रद्द करावी असं आचारसंहिताच सांगते.

पण कंपनीला लिहिण्याआधी दुकानात जा. मी तेच केलं. पार्किंगची कंपनी दुकानाने किंवा जागामालकाने नेमलेली असते, आणि तिला "हे सोडून द्या" म्हणण्याचा अधिकार बहुतेकदा त्यांच्याकडे असतो. मी किराण्याची पावती आणि पत्र घेऊन व्यवस्थापकांना भेटलो. आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. त्यांनी पावतीचा फोटो घेतला, पत्राचा क्रमांक लिहून घेतला. तीन आठवड्यांनी मागणी रद्द झाल्याचं पत्र आलं. आवाज चढवण्याची गरज पडली नाही. ज्यांना चालणं खरोखरच अवघड आहे त्यांच्यासाठी २०१० च्या समानता कायद्याचा आधारही आहे: अपंग व्यक्तीला वाजवी सवलत देणं सेवा देणाऱ्यावर बंधनकारक आहे. हे पत्रात नम्रपणे पण स्पष्ट लिहा.

दुकानाने हात वर केले तर २८ दिवसांच्या आत कंपनीकडे लेखी हरकत पाठवा, शक्यतो पहिल्या १४ दिवसांतच, आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. त्यांनी नकार दिला तर पुढची पायरी स्वतंत्र अपिलाची. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असेल तर हे अपील 'पॉपला'कडे जातं. नकाराच्या पत्रात दहा अंकी क्रमांक येतो, तो वापरून २८ दिवसांत अपील करता येतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पॉपलाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. मात्र तिथे हरलात तर ६० पाउंडांत सुटण्याची सवलत गेलेली असते. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: फलक ठळक होता, तास-दीड तास जास्त झाला, सांगण्यासारखं कारण नाही, तर १४ दिवसांत ६० भरून टाका. मुद्दा खरा असेल तर मात्र शेवटपर्यंत लढा.

न भरता, न लढता गप्प बसणं सगळ्यात वाईट. मग लाल अक्षरांतली वसुली कंपनीची पत्रं येतात, १०० चे १७० होतात. या वसुलीवाल्यांना घरात शिरण्याचा, सामान उचलण्याचा कोणताही अधिकार नाही. तो कोर्टाच्या निकालानंतर बेलिफाला मिळतो. त्यांच्या धमकावणीला घाबरू नका. पण त्या गठ्ठ्यात एखादं पत्र वेगळं असतं. दावा करण्याआधीचं पत्र आलं तर उत्तराला ३० दिवस असतात. कोर्टाचा दावाच आला तर १४ दिवसांत पोच द्यावी लागते. ती दिली की बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. हे पत्र चुकलं तर तुमचं न ऐकताच निकाल लागतो.

शहाद्याकडच्या एका कुटुंबाचं असंच झालं. वर्षात दोनदा भाड्याचं घर बदललं, गाडीच्या लॉगबुकवर पत्ता जुनाच राहिला. कंपनी गाडीच्या धारकाचं नाव आणि पत्ता सरकारी वाहन नोंदणी विभागाकडून, डीव्हीएलएकडून मागवते. सगळी पत्रं जुन्या दारात पडत राहिली. घरासाठी कर्जाचा अर्ज केला, बँकेने नाकारला, तेव्हा कळलं की दीड वर्षापूर्वी त्यांच्याविरुद्ध कोर्टाचा निकाल लागला आहे. असा निकाल महिनाभरात पूर्ण पैसे भरले तर नोंदीतून काढला जातो, नाहीतर सहा वर्षं राहतो. नागरिकत्वाच्या अर्जातही अशा दिवाणी निकालांची विचारणा असते. कोर्टात अर्ज करून त्यांनी तो निकाल रद्द करवून घेतला, पण त्याचं शुल्क मूळ मागणीपेक्षा जास्त भरावं लागलं.

आणि गावाकडून कोणी येणार असेल तर हीथ्रोचं लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२१ पासून तिथे टर्मिनलच्या दारात माणूस सोडायचे पैसे लागतात. फाटक नाही, खिडकी नाही. दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन किंवा फोनवरून भरायचे असतात. आईवडिलांना निरोप देऊन भरल्या डोळ्यांनी परतताना ही गोष्ट हमखास विसरते. घरी पोचायच्या आधी मोबाइलवर आठवण लावा.

लॉगबुकवरचा पत्ता बदलायला पैसे लागत नाहीत, ऑनलाइन काही मिनिटांचं काम आहे. घर बदललेलं असेल आणि हे राहून गेलं असेल, तर आजच करा.