पहिले बाळंतपण : घड्याळ आणि धीर

पहिल्या बाळंतपणासाठी रुग्णालयात येणाऱ्या जोडप्याची दुपटी, टोपडी, थर्मास अशी सगळी तयारी असते. नसते ती एकाच गोष्टीची : वेळ किती लागेल याची. प्रसूतिकक्षाबाहेर बसलेले नातेवाईक मला सकाळी विचारतात, "अजून कसं नाही झालं?" संध्याकाळी तेच म्हणतात, "डॉक्टर, सिझर करून एकदाचं मोकळं करा." या घाईमागे बहुतेक वेळा भीती असते, आणि भीतीमागे अपुरी माहिती.

वेळ का लागतो?

पहिलटकरणीच्या गर्भाशयाचे तोंड आधी मऊ व पातळ होते, मग हळूहळू उघडते. सुरुवातीच्या कळा अनियमित असतात. हा काळ काही तासांचा असतो, कधी एक दिवसाहूनही जास्त चालतो. तोंड सुमारे ५ सेंटिमीटर उघडल्यावर खरी वेग घेणारी अवस्था सुरू होते. तेथून पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर उघडेपर्यंत पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात. त्यानंतर जोर करून बाळ बाहेर येण्यास तीन तासांपर्यंतचा वेळ लागू शकतो. आई आणि बाळ सुखरूप असतील, तर वेळ लागतो म्हणजे काही बिघडले असे नाही.

शस्त्रक्रिया केव्हा? बाळाचे ठोके बिघडले, प्रगती थांबली, बाळ आडवे असले किंवा मोठा रक्तस्राव झाला, तर सिझेरियनने जीव वाचतो. अशा वेळी तिला नकार देणे धोक्याचे. पण केवळ कंटाळा आला म्हणून केलेल्या सिझेरियनचा व्रण पुढच्या गरोदरपणातही अडचणी आणू शकतो.

दवाखान्यात केव्हा निघावे?

कळा नियमित, दर पाच मिनिटांनी व जवळजवळ मिनिटभर टिकणाऱ्या झाल्या, की निघावे. रुग्णालय दूर असेल तर त्याही आधी. पाणी गेले, अंगावरून रक्त जाऊ लागले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला, तर कळांची वाट पाहू नये, ताबडतोब निघावे.

कक्षात गेल्यावर हे विचारा

तोंड किती उघडले? बाळाचे ठोके कसे आहेत? पुढची तपासणी केव्हा? हे इंजेक्शन किंवा सलाईन कशासाठी? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. उत्तर मिळाले की बाहेर बसलेल्यांचीही निम्मी काळजी उतरते. परवानगी असेल तर थोडे चालावे, कुशीवर वळावे, पाणी पीत राहावे.

सोबत कोणाची?

कळांमध्ये जवळ विश्वासाचे माणूस असले, की बाईचा धीर टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली अशा सोबतीची शिफारस केली. केंद्र सरकारने तर २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला मुभा दिली. आडपडद्याची सोय असेल तेथे पतीही थांबू शकतो. तेव्हा नाव नोंदवतानाच विचारून ठेवावे. सोबतीने पाठ चोळावी, घोटभर पाणी द्यावे, श्वास सावकाश घ्यायला सांगावे. "माझ्या वेळी असं झालं होतं" अशा भीतीच्या गोष्टी मात्र सांगू नयेत.

बाळ झाल्यावर

पहिल्या तासात बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून स्तनपान सुरू करावे. पिवळसर चीक फेकू नये. बाळाचे ते पहिले संरक्षण आहे. मध, साखरपाणी, घुटी काहीही देऊ नये. रक्तस्रावाचा सर्वाधिक धोका पहिल्या चोवीस तासांत असतो. म्हणून "सगळं ठीक आहे, घरी सोडा" अशी घाई करू नये. पॅड भराभर भिजू लागले, गरगरू लागले, की लगेच परिचारिकेला हाक मारावी. बाळ दूध ओढत नसेल, गार पडले असेल किंवा पहिल्याच दिवशी पिवळे दिसू लागले, तरीही तसेच.

खर्चाची चिंता असेल, तर एवढे लक्षात ठेवावे : जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, गरज पडल्यास सिझेरियन, औषधे, तपासण्या व रक्त मोफत आहे. घरून ने-आण करण्याची सोयही त्यात येते.

पतिराजांना एक विनंती. सातव्या महिन्यातच एकदा पत्नीबरोबर रुग्णालयात जा. प्रसूतिकक्ष कोठे आहे, रात्री दार कोण उघडते, गाडी कोणाची मिळेल, रक्ताची सोय कोठे होईल, हे पाहून ठेवा. ऐन वेळी बाहेर फेऱ्या मारण्यापेक्षा ही एक फेरी जास्त उपयोगी पडते.