परिचारिकेने संशोधन का करावे?

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंग करते आहे. संशोधन डॉक्टरांचे, आम्हाला पैसा कोण देणार, असे सगळे म्हणतात. प्रबंधानंतर पुढे जावे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर जा. अमेरिकेने १९८६ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नर्सिंग संशोधनाचे स्वतंत्र केंद्र काढले, ते उगाच नव्हे. नऊ युरोपीय देशांतल्या २०१४च्या अभ्यासात परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेचा रुग्ण दाखल झाल्यापासून ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्तच. म्हणून तर आपल्या वॉर्डांतला पुरावा हवा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीच्या जखमा, सलाइनच्या जागची सूज हे विषय थोड्या पैशांतही होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अनुदानाची पात्रता मार्गदर्शकांकडून तपासून घ्या. एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी मात्र एकाही रुग्णाची माहिती गोळा करू नका.