सांभाळणाऱ्याचा खर्च कुणी धरायचा?

हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा घरातल्या सगळ्यांना पाठ असतो. डिस्चार्जनंतर घरी सुरू होणारा खर्च मात्र कुणी कागदावर मांडत नाही. अर्धांगवायू असो, पार्किन्सन्स असो, स्मृतिभ्रंश असो की शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर, हा खर्च महिनोन्महिने चालतो. त्यात सगळ्यांत महाग असतात ते माणसाचे तास. बायको, सून किंवा मुलगी ते फुकट देते, म्हणून हिशेबात दिसत नाहीत एवढंच. पुढचे दर पुण्या-मुंबईकडचे आणि ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी ते कमी असतील.

बारा तासांच्या मावशी किंवा मामा (म्हणजे मदतनीस) नर्सिंग ब्युरोकडून घेतले तर दिवसाला ७०० ते १,००० रुपये, म्हणजे महिन्याला २१ ते ३० हजार. चोवीस तासांसाठी ९०० ते १,४०० रोज, शिवाय जेवणखाण आणि झोपायला जागा. शिकलेली नर्स हवी तर बारा तासांचेच दीड ते अडीच हजार. इथे बहुतेक घरं फसतात ती चोवीस तासांच्या हिशेबात. राहणारी बाईही माणूसच आहे, तिला रात्रीची सहा-सात तास झोप लागणारच. पेशंट रात्रभर जागा राहत असेल, उठून दाराशी जात असेल (स्मृतिभ्रंशात हे नेहमीचं आहे), तर चोवीस तासांचे पैसे मोजूनही जागरण घरच्यांनाच पडतं. अशा घरी फक्त रात्रीची बारा तासांची ड्यूटी लावणं शहाणपणाचं.

पूर्ण महिना परवडत नसेल तरी हात टेकू नयेत. आठवड्यातून दोन रात्री माणूस लावला तर महिन्याला साधारण सात-आठ हजार होतात. सकाळी दोन-तीन तास येऊन स्पंजिंग, डायपर, चादरी करून जाणारी बाईही मिळते. सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठवड्यात दोन अखंड रात्री मिळणं हा माझ्या मते या यादीतला सगळ्यांत वसूल होणारा खर्च आहे. आणि घरातल्या कुणी नोकरी सोडायची ठरवत असेल, तर आधी बेरीज करा. पगार जातो, सोबत पीएफ जातो, पुढे परत नोकरी मिळेल याची खात्री नसते. पंचवीस हजारांचा माणूस महाग वाटतो तो या बेरजेआधी.

ब्युरोशी बोलताना चार गोष्टी लिहून घ्या: कामं कोणती (नळीतून भरवणं, कॅथेटरची पिशवी रिकामी करणं धरलंय का), सुट्टीला बदली कोण, मध्येच सोडून गेल्यास किती दिवसांत दुसरी व्यक्ती, आणि नोंदणी किंवा कमिशनचे पैसे परत मिळतात का. आधारची प्रत आणि पोलिस पडताळणी आवश्यकच. इंजेक्शन देणं, राईल्स ट्यूब (नाकातून भरवायची नळी) घालणं ही कामं मावशींवर टाकू नका, त्या तयार असल्या तरी. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या, का ते पुढे येईलच.

सामान शक्यतो विकत घेऊ नका. फाउलर बेडचं (डोक्याकडून-पायाकडून वर करता येणाऱ्या खाटेचं) भाडं महिना दीड ते तीन हजार. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची तर अनेक सेवाभावी संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, रोटरी-लायन्सचे क्लब डिपॉझिटवर नाममात्र भाड्याने देतात. अपवाद हवेच्या गादीचा. ती अडीच ते पाच हजारांत स्वतःची घ्यावी, कारण पडून राहून पाठीला जखम एकदा झाली की ड्रेसिंगचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. फिजिओथेरपिस्टच्या घरभेटीचे ५०० ते ८०० रुपये पडतात. एक भेट पेशंटसाठी नाही, सांभाळणाऱ्यासाठी ठेवा. स्वतःच्या पाठीवर ताण न घेता पेशंटला बेडवरून खुर्चीत कसं बसवायचं ते शिकून घ्या.

न दिसणारे खर्च रोजचे असतात. दिवसाला तीन-चार डायपर धरले तर महिन्याला तीन ते पाच हजार. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. चोवीस तास चालला तर महिन्याला अडीचशे युनिट, आणि वीजबिल पुढच्या टप्प्यात जातं ते वेगळंच. वीज गेली तर लागणारा छोटा सिलिंडरही यात धरा.

विम्याकडून इथे फार आशा नको. ‘डोमिसिलियरी’ कलम असतं, पण ते पेशंटला हलवता येत नाही किंवा हॉस्पिटलात खाट नाही, अशा वेळच्या उपचारांसाठी. मदतनिसाचा पगार त्यात बसत नाही. आयुष्मान आणि महात्मा फुले योजनाही हॉस्पिटलातल्या उपचारांसाठीच आहेत.

करसवलत मात्र अनेकजण सोडून देतात. जुनी करप्रणाली निवडली असेल, तर ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी ८०डीडीखाली ७५ हजारांची वजावट मिळते. ८० टक्के असेल तर सव्वा लाखाची. खर्च किती झाला यावर ती ठरत नाही, प्रमाणपत्र लागतं. पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, कॅन्सर, मूत्रपिंड निकामी होणं अशा ठरावीक आजारांच्या उपचारासाठी ८०डीडीबी आहे: प्रत्यक्ष खर्चावर ४० हजारांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असेल तर लाखापर्यंत, तज्ज्ञ डॉक्टरच्या चिठ्ठीसह. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चासाठी ८०डीमध्ये ५० हजारांची सोय आहे, पण रोखीने दिलेले पैसे चालत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले. जुने सांगितले तरी सीएला कळतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज आजारपणाच्या सुरुवातीलाच करा.

काही मदत फुकट आहे. कॅन्सरच्या पेशंटसाठी पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आणि मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन पैसे घेत नाहीत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे पेशंटइतकेच त्यांचे घरचेही येतात. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, आणि सांभाळणाऱ्याचंच मन थकलं असेल तर टेलिमानस १४४१६.

राहिला भावाबहिणींचा प्रश्न. एक जण घरात, दुसरा बंगळुरूत, तिसरा न्यू जर्सीत असं चित्र मराठी घरांना नवं नाही. लांबच्यांना सांगणं एवढंच: ‘काही लागलं तर कळव’ म्हणू नका. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम खात्यात टाका, तीत सांभाळणाऱ्याच्या तासांचाही वाटा धरा, आणि वर्षातून पंधरा दिवस स्वतः येऊन घर ताब्यात घ्या, म्हणजे ती वहिनी किंवा ताई कुठेतरी जाऊन येईल.