रेडिओवरील विज्ञानवार्ता : ऐकावी कशी, सांगावी कशी?



धारा काढताना, आंबा पेटीत भरताना किंवा खळ्यावर बसल्या बसल्या आपण रेडिओ ऐकतो. हात कामात असले तरी कान मोकळे असतात, हेच या माध्यमाचे बळ आहे. परंतु वाचलेली ओळ पुन्हा वाचता येते, ऐकलेले वाक्य मात्र निघून जाते. त्यामुळे विज्ञानाची किंवा आरोग्याची बातमी अर्धवट कानावर पडली, तर अर्धवटच मनात राहते.

तुमचा माल घेणारा ग्राहकही हीच बातमी ऐकत असतो. आंब्याविषयी भीती घालणारी बातमी सकाळी मुंबई-नवी मुंबईतील घराघरांत पोहोचली, तर वाशीच्या फळबाजारातील मागणीला धक्का बसू शकतो आणि तोटा बागायतदाराच्या पदरी पडतो. म्हणून विज्ञानवार्ता नीट ऐकणे व वेळ आल्यास नीट सांगणे, हेही शेतीच्या कामाचाच भाग समजावे.

उदाहरण पहिले : विकिरण म्हणजे किरणोत्सर्ग नव्हे

वाशी येथे 2000 मध्ये अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या संस्थेचा विकिरण प्रकल्प सुरू झाला. तेथे प्रामुख्याने मसाल्यांवर प्रक्रिया होते. 2002 मध्ये लासलगावला ‘कृषक’ हे केंद्र उभे राहिले. 2007 मध्ये अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला खुली झाली, ती विकिरणाच्या अटीवरच. पुढे राज्य कृषी पणन मंडळानेही वाशीत विकिरण केंद्र उभारले.

या प्रक्रियेत पेटीबंद माल कोबाल्ट-60 पासून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून नेला जातो. निर्यातीच्या आंब्याला किमान 400 ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते. त्यामुळे कोयीतील भुंगा व फळमाशी यांची पुढील वाढ आणि प्रजनन थांबते. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून याहून बरीच कमी, म्हणजे 60 ते 90 ग्रे मात्रा पुरते.

आता बातमी देणाऱ्याने ‘विकिरण केलेला आंबा’ असे न म्हणता ‘किरणोत्सर्गी आंबा’ असे म्हटले तर? शब्द थोडासाच बदलला, पण अर्थ पार उलटा झाला. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. तसेच या गॅमा किरणांमुळे आंबा किरणोत्सर्गी होत नाही. तेवढी ऊर्जा त्या किरणांत नसते. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 1980 मध्येच 10,000 ग्रेपर्यंत विकिरण केलेले अन्न खाण्यास सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विकिरणाने सडलेले फळ चांगले होत नाही आणि फळावरील कीटकनाशकाचा अंश धुऊन निघत नाही. बागेतील स्वच्छता व योग्य फवारणी यांना तो पर्याय नाही.

उदाहरण दुसरे : ‘रसायनाने पिकवलेला आंबा’

दर हंगामात ही बातमी कानावर येते. मात्र कोणते रसायन, हे सांगितले जात नाही. कॅल्शियम कार्बाइडचा ओलाव्याशी संबंध आला की अॅसिटिलीन वायू निघतो. बाजारातील कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात. म्हणून फळे पिकविण्यासाठी त्याचा वापर करण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन हा वायू मात्र पिकताना फळ स्वतःच तयार करते. बंद खोलीत ठरावीक प्रमाणात इथिलीन सोडून फळे पिकविण्यास परवानगी आहे. ही मर्यादा दर दहा लाख भागांत 100 भाग, म्हणजे दहा हजार लिटर हवेत एक लिटर इतकी आहे.

दोन्ही पद्धती एकाच माळेत ओवल्या की कार्बाइड वापरणारा लपतो आणि नियम पाळणाऱ्याचाही माल संशयात सापडतो.

बातमी ऐकताना विचारावयाचे पाच प्रश्न

1. हे कोणी सांगितले? संस्थेचे नाव आहे, की नुसतेच ‘शास्त्रज्ञांच्या मते’?
2. प्रयोग कशावर झाला? काचपात्रात, उंदरांवर, माणसांवर की शेतातल्या पिकावर?
3. मात्रा किती? मीठसुद्धा प्रमाणाबाहेर घेतले तर अपाय करते.
4. ‘दुप्पट धोका’ म्हणजे कितीचा दुप्पट? दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच आणि शंभरात दहाचे वीस झाले तरी दुप्पटच.
5. हे आपल्या जमिनीला, वाणाला व हवामानाला लागू पडते का?

उत्तर न मिळाल्यास घाईने औषध, बियाणे किंवा पद्धत बदलू नये. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर विचारून घ्यावे. प्रकृतीविषयी बातमी असल्यास डॉक्टरांना विचारावे.

आपण स्वतः रेडिओवर बोलताना

आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांत प्रगतशील शेतकऱ्यांना बोलावले जाते. अशी संधी आल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एका वेळी एकच मुद्दा सांगावा व तो शेवटी पुन्हा सांगावा. वाक्ये लहान ठेवावीत. आकडे कमी द्यावेत आणि ते पंप, पाटी, एकर अशा ओळखीच्या मापांत द्यावेत. औषधाचे नाव व प्रमाण सावकाश, दोनदा उच्चारावे, कारण ऐकणाऱ्याला पेन्सिल शोधायला वेळ लागतो. आपल्या शेतात जमले नाही तेही सांगावे. त्याने श्रोत्यांचा विश्वास वाढतो.

नमुन्यादाखल : ‘निर्यातीच्या आंब्यावर विकिरण करतात. त्यामुळे कोयीतला भुंगा वाढत नाही. आंबा किरणोत्सर्गी होत नाही. खाण्यास तो सुरक्षित आहे.’ एवढी चार वाक्ये पुरेत.

एकट्याने नव्हे, गटाने ऐका

1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. आसपासच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 खेड्यांत श्रोता मंडळे स्थापन झाली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला कळवत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडल्याचे दिसले. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे फारशी भर पडली नाही. रेडिओ दोन्हीकडे होता. फरक पडला तो चर्चेने.

ही पद्धत आजही अवलंबता येईल. दहा-पंधरा जणांनी आठवड्यातून एकदा पारावर, सोसायटीच्या कार्यालयात किंवा बचत गटाच्या बैठकीत एकत्र कार्यक्रम ऐकावा. एकाने टिपण ठेवावे. वरील पाच प्रश्न लावून पाहावेत. राहिलेली शंका केंद्राला पत्राने कळवावी. एखादी बातमी चुकीची वा अर्धवट वाटल्यास तेही जरूर लिहावे.

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण तपासून घेतो. कानावर आलेली बातमीसुद्धा तशीच पारखून घ्यावी आणि मगच शेजाऱ्याला सांगावी.