चि. समीरसाठी, जहाजावर चढण्याआधी

जहाजावर राहून शिकण्याची पद्धत आपल्याकडे 1927 साली मुंबई बंदरात नांगरलेल्या ‘डफरिन’वर सुरू झाली. मूळची ही सैन्य वाहून नेणारी बोट. 1972 मध्ये तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि 1993 पासून हे प्रशिक्षण ‘चाणक्य’ या नावाने नवी मुंबईत, जमिनीवर चालू झाले. आपल्या माण गावापासून फार लांब नसलेल्या इंदुरीला, तळेगाव-चाकण रस्त्यावर, तोलानी संस्थेच्या आवारातही मुलांच्या सरावासाठी जहाज उभारलेले आहे. मात्र ते हलत नाही. एक वर्षाचा नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा झाला की पुढचे अठरा महिने मालवाहू जहाजावर काढावे लागतात, आणि खरे शिक्षण तिथेच होते.

तिथे कॅडेट हा सगळ्यांत धाकटा. गंज खरवडणे, रंग देणे, टाक्यांतल्या पाण्याची पातळी मोजणे, बंदरात दोर सांभाळणे ही कामे त्याच्याकडे असतात. पहाटे चार ते आठच्या वॉचला तो बहुधा चीफ ऑफिसरबरोबर ब्रिजवर उभा राहतो आणि उरलेल्या वेळात ट्रेनिंग रेकॉर्ड बुक भरतो. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हा नियम त्यालाही लागू आहे; ती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत देता येत नाही आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा असावा लागतो.

जहाजाच्या टाकीत गुदमरून कॅडेट गेल्याची बातमी गावात फिरते आहे. ती खरी की खोटी ते कळलेले नाही, पण धोका खराच आहे. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या बॅलास्ट टँकमध्ये लोखंड गंजते आणि गंजताना आतल्या हवेतला ऑक्सिजन खाते. कोळसा आणि लाकूड भरलेल्या होल्डमध्येही तेच होते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. तो दहा टक्क्यांच्या खाली गेला की माणूस काही मिनिटांत कोसळतो. वास येत नाही, धाप लागायलाही वेळ मिळत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एकामागोमाग उतरणाऱ्या माणसांचे जे होते, तेच इथे होते. पहिला पडलेला दिसतो आणि त्याला काढायला दुसरा तसाच आत जातो.

म्हणून आत जाण्याआधी हवा खेळवणे, मीटरने ऑक्सिजन वर, मधे आणि तळाशी मोजणे, लेखी परमिट घेणे आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवणे हा क्रम ठरलेला आहे. 2015 पासून दर दोन महिन्यांनी त्याची कवायतही सक्तीची आहे. तरीही घाईच्या वेळी ‘पटकन बघून ये’ असे कुणीतरी म्हणतो, आणि मोठ्यांपुढे मान डोलवायची सवय असलेला मुलगा उतरतो. ही सवय याच घरात लागलेली आहे. शाळेपासून समीरने कुणाला ‘नाही’ म्हटलेले कुणाच्या आठवणीत नाही. जहाजावर असला भिडस्तपणा म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा.

ही भिडेची खोड समीरच्या काकांकडूनच आली असावी. ‘राजेंद्र’चा अर्ज त्यांनी भरून ठेवला होता. त्यांचे वडील म्हणाले, शेत कोण बघणार, आणि अर्ज पेटीतच राहिला. पुढे हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणमध्ये आला आणि ते शेतही गेले. समीरचा डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हा घरात सगळ्यांत जास्त पेढे त्यांनीच वाटले.

परमिट मागितले म्हणून एखादा अधिकारी चिडेल, कदाचित चार लोकांत बोलेलही. पण परमिट मागणे हा कॅडेटचा हक्क आहे, आणि समजूतदार चीफ ऑफिसरला असाच मुलगा हवा असतो.

तेव्हा समीर, मीटर लावल्याशिवाय आत पाय ठेवू नकोस. रागावले तर रागावू देत. घरी कुणी तुला कमी म्हणणार नाही. भीती वाटली तर तीही मोकळेपणाने लिही. जेवत जा, वॉच संपला की झोपत जा. जहाजाचे नाव आणि पुढचे बंदर मात्र दर वेळी कळव. आजी रोज तेवढेच विचारते.