हाताला लागणारी ढिलाई

जळगाव जामोद

चि. भाच्यास,

गाडीचं स्टिअरिंग ढिलं लागतंय आणि गॅरेजमध्ये थेट रॅक बदलायला सांगितलाय, हे कळलं. पैसे मोडण्याआधी थोडं ऐकून घे. स्टिअरिंग आणि टायर यांच्यामध्ये सांध्यांची एक लांब साखळी असते: कॉलमचा क्रॉस, मग रॅक, त्याच्या टोकाला रॅक एंड, पुढे टायरॉड एंड. चाक जागेवर धरून ठेवणारा लोअर आर्म, त्याचे रबरी बुश आणि बॉल जॉइंट हे वेगळेच. यातल्या प्रत्येकात केसाएवढा प्ले, म्हणजे मोकळी सरक, आला तरी हाताशी येईस्तोवर त्याची बेरीज होते, आणि ती बेरीज आपल्याला स्टिअरिंगवर जाणवते म्हणून आपण दोष स्टिअरिंगलाच देतो. म्हणून माझा आग्रह असा, की तपास जमिनीपासून सुरू करून वर हाताकडे न्यायचा. रॅक हा साखळीतला महागातला भाग. खालचं सगळं तपासून झाल्याशिवाय त्याला हात लावू नकोस.

पहिली पायरी हवेची, आणि ती जवळजवळ फुकट आहे. हवा कमी असली की टायरची भिंत लवते. तू स्टिअरिंग वळवतोस, रिम वळते, पण रस्त्याला टेकलेला टायर मागाहून येतो. नेमकी हीच ढिलाई. आपल्याकडे उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवतात. ही समजूत उलटी आहे. कमी हवेचा टायर फेऱ्यागणिक जास्त दबतो आणि त्या दबण्यानेच आतून तापतो. वरून वैशाखाचं ऊन असेल तर फुटण्याचा धोका त्यालाच जास्त. ड्रायव्हरच्या दारापाशी कंपनीने चिकटवलेला आकडा बघ आणि सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना तेवढी हवा भर. त्याच वेळी टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाच: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर जुनं होऊन चिरा पडल्या असतील, तर तो टायर बदलायलाच हवा.

हवेने फरक पडला नाही तर सांध्यांकडे वळ. एकाला आत बसवून, किल्ली चालू ठेवून, स्टिअरिंग दोन-दोन बोटं डावी-उजवीकडे हलवायला सांग. गाडी जमिनीवरच असू दे. तू चाकामागे हात घालून बोट टायरॉड एंडच्या सांध्यावर असं ठेव, की अर्धं बोट दांड्यावर आणि अर्धं चाकाच्या बाजूच्या भागावर येईल. सांधा निरोगी असेल तर दोन्ही एकदम हलतात. घासलेला असेल तर दांडा आधी सरकतो, मग बारीक टक् होऊन पुढचा भाग हलतो. डोळ्याला दिसणार नाही एवढी ती सरक बोटाला स्पष्ट कळते. तिथलं रबरी टोपण फाटलेलं असेल आणि ग्रीसमध्ये माती मिसळून काळा चिखल झाला असेल, तर त्या सांध्याचं आयुष्य संपलं असं समज. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर उचल. डावी-उजवी कडा धरून हलवल्यावर खडखड आली तर संशय टायरॉड किंवा रॅक एंडवर. वर-खाली धरून आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली मात्र शिरू नकोस.

आता तू म्हणशील, की अलाइनमेंट तर परवाच केलंय. अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. लोअर आर्मचा बुश फाटलेला असेल तर ब्रेक दाबल्याबरोबर चाक मागे सरकतं आणि ते माप त्या क्षणी मोडतं. म्हणून बुश आणि सांधे आधी, अलाइनमेंट शेवटी. आणि टायरॉड एंड बदलला की ते पुन्हा करावंच लागतं. दुसरा आक्षेप, पॉवर स्टिअरिंग हलकंच असतं. खरं आहे, पण हलकेपणा आणि ढिलाई वेगळ्या. हलक्या स्टिअरिंगला जोर लागत नाही, तरी हात हलला की गाडी हलते. ढिल्यात हात हलतो आणि गाडी सरळच जात राहते. कुणी रॅकचा नट आवळून देतो म्हणाला तर नको म्हण. रॅक मधोमध जास्त घासलेला असतो. तिथला प्ले जाईपर्यंत आवळला तर न घासलेला टोकाकडचा भाग अडकतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. ही ढिलाईपेक्षा वाईट गोष्ट आहे.

आपल्या रस्त्यांवर काही केलं तरी पुन्हा ढिलंच होणार, हा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. पूर्णाखोऱ्यातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नांदुऱ्याकडे जाताना डांबराखालची जमीनच वरखाली होत असते. चांगला केलेला रस्ताही लाटा धरतो, आणि त्या लाटांचा मार बुश आणि सांध्यांवरच बसतो. पण यातून निष्कर्ष निघतो तो लवकर-लवकर तपासण्याचा. पावसाळा संपला की एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा गाडीखाली बघायला अर्धा तास पुरतो. एक टायरॉड एंड वेळेवर बदलला नाही तर चाकं तिरकी घासून दोन टायर खातात.

गाडी पासिंगला अडत नाही, मग घाई कशाला, असंही मनात येईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम स्टिअरिंगवर ३० अंशांपर्यंतचा प्ले चालवून घेतो. साधारण ३७ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ते कडेने जवळजवळ १० सेंटिमीटर होतात, म्हणजे भरली मूठ. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. येरळीच्या पुलाकडे समोरून कापसाचा ट्रक येत असताना मूठभर हात फिरेपर्यंत वाट बघायला तेवढी जागा नसते. कायद्याची ती शेवटची हद्द आहे. चांगल्या घरगुती गाडीत हा प्ले दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असायला हवा. त्याच नियमात सांध्यांवर रबरी टोपणं असावीत आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या असाव्यात असंही म्हटलंय, आणि गॅरेजमध्ये घाईत नेमकं तेच राहून जातं. काम झाल्यावर टायरॉडच्या नटमध्ये नवी स्प्लिट पिन घातली का, किंवा सेल्फ-लॉक नट असेल तर तो नवा लावला का, हे स्वतः वाकून बघ.

रविवारी सकाळी हवा भरून, तेवढं बोट लावून बघ आणि कुठल्या बाजूला टक् लागलं ते कळव. तोवर रॅकचे पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा